विजेची एकचाकी: टॉप स्पीडचा हिशेब आणि ओमानचे रस्ते

विजेच्या एकचाकीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही पळते किती? खोक्यावरचा आकडा वाचून उत्तरही लगेच मिळतं. पण ज्यांना त्या आकड्याच्या जवळपास चालवायचं आहे, त्यांच्या जिवाशी निगडित प्रश्न वेगळा आहे. त्या वेगाला पोहोचल्यावर तोल सांभाळायला यंत्राकडे किती ताकद शिल्लक राहते?

हा लेख त्या शिलकीचा आढावा आहे, आणि तो ओमानच्या संदर्भात घेण्याला कारण आहे. लांबलचक गुळगुळीत डांबरी रस्ते, समुद्राकाठचा वारा, सरळसोट चढणारे डोंगर आणि अंग भाजून काढणारं ऊन. ही शिल्लक खाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच गोष्टी त्या देशात एकत्र भेटतात. मस्कतमध्ये नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे चाक घेण्याच्या विचारात असेल, तर पैसे मोजण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

वेग कुठून कुठे गेला

आज आपण ज्याला विजेची एकचाकी म्हणतो, ते वाहन बाजारात रुळलं २०११ च्या सुमारास. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले संशोधक शेन चेन यांनी ‘सोलोव्हील’ आणली. हँडल नाही, सीट नाही. मध्ये एक चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पेडल. पुढे झुकलं की पुढे जायचं, मागे कललं की थांबायचं. तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होता, म्हणजे निवांत सायकल चालवण्याइतका.

पुढे इनमोशन, किंगसाँग, गॉटवे (आताची बिगोड) आणि व्हेटरन या चिनी नावांनी हा बाजार व्यापला. २०२० च्या आसपास सस्पेन्शन असलेली मॉडेलं आली. बॅटऱ्यांचं व्होल्टेज ६७ वरून ८४, १००, १२६ आणि त्याही पुढे गेलं. इनमोशनच्या व्ही१३ या मॉडेलसाठी ताशी ९० किलोमीटरचा दावा केला जातो आणि त्या चाकाचं वजन ५० किलोच्या घरात आहे. दीड दशकाच्या आत वेग पाचपटीहून जास्त वाढला. तोल राखण्याचं तत्त्व मात्र सोलोव्हीलच्या वेळी होतं तेच आज आहे, आणि मर्यादा त्या तत्त्वातच दडलेली आहे.

तोल म्हणजे सतत खर्च होणारी ताकद

तळहातावर उभी काठी तोलताना काठी पुढे कलली की हात तिच्याखाली पुढे न्यावा लागतो. एकचाकी हेच काम करते. जायरोस्कोप आणि ॲक्सलरोमीटर चालकाचा कल मोजतात, कंट्रोल बोर्ड मोटरला हुकूम देतो आणि चाक धावत जाऊन शरीराखाली येतं. हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. म्हणून या वाहनात मोटरची ताकद दोन कामांना लागते: पुढे नेणं आणि उभं ठेवणं. मोटरसायकलचं इंजिन कमाल वेगाला पोहोचलं की गाडी आणखी पळत नाही, एवढंच. एकचाकीची मोटर कमाल वेगाला पोहोचली, तर उभं ठेवायला तिच्याकडे काही उरत नाही.

असं का होतं, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. मोटर फिरू लागली की ती जनित्रासारखी स्वतःही व्होल्टेज तयार करते आणि ते बॅटरीच्या उलट दिशेने असतं. वेग जितका जास्त, तितकं हे उलटं व्होल्टेज जास्त. बॅटरीचं व्होल्टेज वजा हे उलटं व्होल्टेज, एवढ्याच फरकावर मोटरमध्ये करंट जातो आणि जोर मिळतो. चाक जमिनीवरून उचलून मोकळं फिरवलं की ते ज्या वेगाला अडकतं, तिथे हा फरक जवळजवळ शून्य झालेला असतो. या वेगाला चालवणारे ‘फ्री-स्पिन’ म्हणतात. कंपन्या हा आकडाही जाहिरातीत मिरवतात, पण त्या वेगाने माणूस कधीच चालवू शकत नाही. फ्री-स्पिनच्या निम्म्या वेगाला निम्मा जोर शिल्लक असतो, ८० टक्क्यांना पाचवा हिस्सा आणि ९० टक्क्यांना जेमतेम दहावा.

शिल्लक कोण कोण खातं

पहिला वाटेकरी बॅटरी. १००.८ व्होल्टच्या पॅकमध्ये २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. तोच ३.५ व्होल्टवर उतरला की पॅक ८४ व्होल्टवर येतो. समजा, भरल्या बॅटरीवर चाकाचा फ्री-स्पिन वेग ताशी १०० आहे आणि आपण ६० ने चाललो आहोत. म्हणजे ४० वाटे जोर हाताशी आहे. बॅटरी ८४ व्होल्टवर आली की फ्री-स्पिन ८३ वर येतो आणि त्याच ६० च्या वेगाला २३ वाटे उरतात. चालवणाऱ्याने काहीही बदललेलं नाही, तरी राखीव ताकद निम्म्याच्या आसपास आली. वर ऐन जोराच्या क्षणी व्होल्टेज आणखी खाली बसतं. त्याला ‘सॅग’ म्हणतात. सेल जुने, थंडगार किंवा थकलेले असले की सॅग वाढतो. सकाळी निर्धास्त वाटलेला वेग परतीच्या वाटेवर धोक्याचा ठरतो, तो यामुळे.

दुसरा वाटेकरी हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. २५ वरून ५० वर गेलं की शक्ती आठपट लागते. चालक उभा असल्यामुळे अख्खं शरीर वाऱ्याला आडवं येतं. ताशी ५० ने जाताना समोरून २० चा वारा आला, तर हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. स्पीडोमीटर मात्र ५० च दाखवत राहतो.

तिसरा चढ. चौथा रस्त्यातला खड्डा किंवा गतिरोधक. चाक अडखळलं की ते क्षणभर शरीराच्या मागे पडतं आणि त्याला पुढे आणायला एकदम मोठा करंट लागतो. पाचवा वाटेकरी चालक स्वतः: त्याचं वजन, आणि वेगात असताना आणखी पुढे झुकून वेग वाढवण्याचा मोह. सरळ, सपाट रस्त्यावर एका वेगाने जाण्यात जी जोखीम आहे, तिच्यापेक्षा कमाल वेगाजवळ आणखी झुकण्यातली जोखीम कितीतरी मोठी आहे. अनेक वाटेकरी एकाच क्षणी आले की शिल्लक संपते. मग पेडल पुढच्या बाजूने खाली जातात, आणि चालक पुढे फेकला जातो. यालाच ‘कट-आउट’ म्हणतात, मग त्यात यंत्र खरोखर बंद पडलेलं असो वा नुसतं थकलेलं.

अशा वेळी धावत सुटून सावरू, हा समज टिकत नाही. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटरचा विश्वविक्रम करताना उसेन बोल्टचा कमाल वेग ताशी सुमारे ४४ किलोमीटर होता. तोही जमिनीवरून सुरुवात करून, काटेरी बुटांनी, ट्रॅकवर. आपण २० च्या वेगाला पडलो तर चार पावलं धावून सावरू शकतो. ५० ला ते कुणालाच जमणार नाही.

यंत्राचे इशारे आणि त्यांच्या मर्यादा

इशारे तीन प्रकारचे असतात. एक, बीप. दोन, टिल्ट-बॅक: पेडलचा पुढचा भाग वर उचलून चालकाला मागे ढकलणं. तीन, मोबाइलवरच्या ॲपमध्ये किंवा स्क्रीनवर दिसणारी पीडब्ल्यूएमची टक्केवारी. या तिन्हींत शेवटची सर्वात कामाची. मोटर तिच्या त्या क्षणीच्या क्षमतेचा किती हिस्सा वापरते आहे, हे ती सांगते. बॅटरी उतरली, वारा वाढला, चढ आला, की वेग तोच असताना ही टक्केवारी चढते. म्हणून इशारा वेगावर न लावता पीडब्ल्यूएमवर लावावा. अनुभवी चालक तो ७० ते ८० टक्क्यांदरम्यान लावतात, आणि नवख्याने त्याहून खाली लावणं शहाणपणाचं.

टिल्ट-बॅकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पेडल वर उचलायलाही मोटरला जोर लागतो. शिल्लक संपत आल्यावर टिल्ट-बॅक द्यायला गेलं, तर इशाराच उरलेली ताकद खाऊन टाकतो. वेग कमी करतानाही हेच: मागे कलण्यासाठी चाकाला आधी क्षणभर शरीराच्या पुढे जावं लागतं. त्यामुळे बीप ऐकू आला की झटका देऊन ब्रेक मारायचा नाही. शरीर हळूहळू सरळ करायचं, गुडघे सैल ठेवायचे आणि वाऱ्याला वेग खाऊ द्यायचा.

इशाऱ्यांचं महत्त्व किती, हे एकचाकीच्या जवळच्या नात्यातल्या ‘वनव्हील’ने दाखवून दिलं. फ्यूचर मोशन या अमेरिकन कंपनीची ही मध्ये एकच चाक असलेली फळी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२३ च्या सप्टेंबरअखेर तिचे सुमारे ३ लाख नग परत बोलावण्याची घोषणा केली. २०१९ ते २०२१ या काळात चार मृत्यूंची नोंद झाली होती. मर्यादा ओलांडली गेली तर फळी तोल राखणं थांबवू शकते, हे नोंदवलेलं कारण. नव्या मॉडेलांवरचा उपाय होता मर्यादा जवळ आली की पायाखाली थरथर जाणवून देणारा इशारा. थोडक्यात, भौतिकशास्त्र बदलता येत नव्हतं, म्हणून चालकाला वेळेवर सांगण्याची सोय केली. एकचाकीला हा धडा जसाच्या तसा लागू आहे.

ओमान: वारा, वाळू, चढ आणि ऊन

मस्कतमधल्या मत्राच्या कॉर्निशसारखा समुद्राकाठचा रस्ता पाहिला की हे चाक तिथेच पळवावं असं वाटेल. हिशेब मांडून पाहू. जाताना वारा पाठीमागून आहे, बॅटरी भरलेली आहे; ५० चा वेग अगदी हलका वाटतो, कारण अंगाला वारा कमी लागतो. परतताना तोच वारा छातीवर येतो आणि बॅटरी निम्म्यावर आलेली असते. जाताना अंगवळणी पडलेला वेग परतताना तसाच ठेवला, की हवा आणि बॅटरी हे दोन्ही वाटेकरी एकदम हात मारतात. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, हे ध्यानात घेतलं तर पहिला नियम निघतो: जाताना वाऱ्याला सामोरं जा, येताना त्याला पाठीशी घ्या.

वाळवंटाकडून उडून आलेली वाळू हा दुसरा भाग. डांबरावर पसरलेला वाळूचा पातळ थर लांबून दिसतही नाही. दुचाकीला एक चाक घसरलं तर दुसरं थोडंफार सावरतं. इथे दुसरं चाकच नाही. वळणावर, गोल चौकात आणि रस्त्याच्या कडेला वेग आधीच उतरवणं हाच उपाय. दक्षिणेला धोफारमध्ये जून ते सप्टेंबर खरीफचा पावसाळी मोसम असतो. सलालाचे हिरवे डोंगर तेव्हा धुक्यात आणि भुरभुर पावसात असतात, आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या निसरड्या होतात. त्या भागात उंटही रस्त्यावर येतात. धुक्यात कमाल वेगाचा विचारच सोडून द्यावा.

चढांसाठी ओमानमधला परिचित दाखला म्हणजे जबल अखदर, अर्थात हिरवा डोंगर. टूर ऑफ ओमान ही सायकल शर्यत २०१० मध्ये सुरू झाली आणि या डोंगरावरची ५.७ किलोमीटरची चढण, सरासरी १०.५ टक्के, ही तिची ओळख बनली. ७५ किलोचा माणूस आणि ४० किलोचं चाक धरलं, तर अशा चढावर सतत सुमारे १२० न्यूटन जोर लागतो. ताशी साठेक किलोमीटरचा वारा अंगावर घेण्यासारखंच ते आहे. वेग कमी असला तरी करंट मोठा, आणि करंट मोठा म्हणजे मोटर, तारा आणि कंट्रोल बोर्डवरचे करंट सोडणारे स्विच, म्हणजे मॉस्फेट, तापणार. तापलेलं चाक शेवटी स्वतःचं रक्षण करायला जोर कमी करतं किंवा बंद होतं.

उतारावर संकट उलट दिशेने येतं. एकचाकीला वेगळा ब्रेक नसतो. मोटरच जनित्र होऊन वेग खाते आणि वीज बॅटरीत परत घालते. वरच्या चढणीच्या उंचीत सुमारे १९० वॅट-अवर ऊर्जा साठलेली आहे. तिच्यातला काही भाग हवेत आणि उष्णतेत जातो, उरलेला बॅटरीत यायला पाहतो. माथ्यावर चार्जिंग करून शंभर टक्के भरलेल्या बॅटरीने उतरायला सुरुवात केली, तर या विजेला जागाच नसते. व्होल्टेज मर्यादेपलीकडे जातं आणि यंत्र ब्रेकची ताकद काढून घेतं. म्हणून उतार उतरायचा असेल तर बॅटरी ८५-९० टक्क्यांवर असलेली बरी.

आणि ऊन. मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावर कुरियात हे गाव आहे. २६ जून २०१८ ला तिथे रात्रीचं किमान तापमानच ४२.६ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. रात्र झाली म्हणून यंत्र थंड होईल, हा भरवसा ओमानी उन्हाळ्यात धरता येत नाही. लिथियम-आयन सेल साधारण ६० अंशांपर्यंत वापरता येतात, पण चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास आहे. उन्हात उभ्या बंद मोटारीत चाक ठेवून ऑफिसला जाणं, किंवा फेरी मारून आल्याबरोबर चार्जरला जोडणं, या दोन्ही सवयी बॅटरीचं आयुष्य खातात आणि आगीचा धोका वाढवतात. टायरमध्ये सकाळी २५ अंशांना ३० पीएसआय हवा भरली आणि टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब ३५ च्या पुढे जातो. कडक टायर वेगात जास्त उडतो आणि वाळूवर कमी पकडतो.

हे काळजीपोटी वाढवून सांगितलेलं नाही. २०१५ च्या टूर ऑफ ओमानमध्ये २१ फेब्रुवारीचा पाचवा टप्पा आधी वाळूच्या वादळाने लांबला आणि अखेर रद्द झाला. उष्णतेत, उतारावर ब्रेकने तापलेले टायर फुटू लागले होते आणि सायकलपटूंनी पुढे जायला नकार दिला. जगातले उत्तम सायकलपटू, सोबत मदतीच्या गाड्या, आणि महिना फेब्रुवारीचा, म्हणजे तिथला हिवाळा. त्यांनी थांबणं पसंत केलं. एकचाकीत मोटर चाकातच बसवलेली असते, तिची उष्णता थेट रिमकडे जाते. जून-जुलैच्या दुपारी तिला कमाल वेगाकडे नेणं कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

शरीर आणि संरक्षण

वेग वाढला की चाक कधी कधी डावी-उजवीकडे थरथरू लागतं. हा ‘वॉबल’. घाबरून पाय ताठ केले की तो वाढतो. गुडघे वाकवून, वजन एका पायावर थोडं जास्त टाकून, किंचित नागमोडी जात वेग कमी करणं हा त्यावरचा उपाय, आणि तो आधी ३० च्या वेगाला सरावात बसवायला हवा.

थांबण्याचं अंतरही पाहावं. एक सेकंद समजायला आणि मग बऱ्यापैकी जोरात ब्रेक धरला, तर २५ च्या वेगाला साधारण १३ मीटर लागतात, ५० ला ३८ च्या आसपास. वेग दुप्पट, अंतर तिप्पट, आणि धडकेची ऊर्जा चौपट.

म्हणून हेल्मेटची निवड महत्त्वाची. सायकल हेल्मेटच्या ईएन १०७८ या युरोपीय मानकात सपाट पृष्ठभागावरची चाचणी सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरहूनही कमी वेगाने होते. मोटरसायकल हेल्मेटच्या ईसीई २२.०६ मानकात ८.२ मीटरपर्यंत चाचणी आहे. एकचाकीवरून माणूस तोंडावर पडतो, तेव्हा हनुवटी झाकणारं फुल-फेस हेल्मेटच हवं. मनगटाचे गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे पॅड, जाड जॅकेट हेही तितकेच गरजेचे. ओमानच्या उकाड्यात हे सगळं नकोसं होतं हे खरं. तेवढं अंगावर घालवत नसेल, तर त्या दिवशी वेगाचा बेत रद्द करावा.

कायद्याची चौकट

जगभर कायदे वेगाच्या खालच्या टोकाला आहेत. फ्रान्सने २०१९ मध्ये नियम केले आणि एकचाकीलाही २५ किलोमीटरची मर्यादा घातली. जर्मनीने त्याच वर्षी केलेल्या नियमांत हँडल असलेल्याच वाहनांना २० पर्यंत परवानगी दिली, म्हणजे एकचाकी रस्त्याबाहेरच राहिली. शेजारच्या दुबईने २०२२ मध्ये ई-स्कूटरसाठी परवाना आणि वेगमर्यादेची पद्धत आणली. ओमानमध्ये वाहतुकीचा कारभार रॉयल ओमान पोलीस पाहतात. कोणत्या जागी काय चालवता येईल हे चाक घेण्याआधी त्यांच्याकडूनच विचारून घ्यावं, आणि ताशी १२० ने गाड्या धावणाऱ्या महामार्गांचा विचार मनातही आणू नये.

भारतात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या विजेच्या वाहनांनाच नोंदणीतून सूट आहे. शक्तिशाली एकचाकी त्या चौकटीत बसत नाही. ‘सुट्टीला येताना पुण्याला घेऊन येऊ’ हा बेतही विमानतळावरच संपतो: प्रवासी विमानात १६० वॅट-अवरपुढची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि या चाकांच्या बॅटऱ्या हजार-दोन हजार वॅट-अवरच्या असतात.

दोन मतं आणि निष्कर्ष

जाणकारांत दोन मतं आहेत. एक म्हणतं, मोठं चाक घ्या. ९० ची क्षमता असलेलं चाक ४५ ने चालवलं की शिल्लक भरपूर राहते. दुसरं म्हणतं, मोठं चाक घेतलं की माणूस ४५ वर थांबत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर पहिलं बरोबर आहे, आणि पडणाऱ्या माणसांच्या बाजूने पाहिलं तर दुसरं. माझं मत असं की, मोठी क्षमता घ्यावी आणि ती न वापरण्यासाठीच घ्यावी. ती आपल्या तोलाची राखीव ठेव आहे.

तेव्हा ‘टॉप स्पीडच्या जवळ सुरक्षित कसं चालवावं’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच: त्या वेगाच्या जवळ सुरक्षित असं काही नसतं. खोक्यावरच्या वेगाच्या दोन-तृतीयांशाला आपली वरची हद्द माना. बॅटरी निम्म्याखाली गेली, वारा समोरून आला किंवा पारा ४० च्या पुढे गेला की ती हद्द आणखी खाली आणा. इशारा पीडब्ल्यूएमवर लावा आणि पहिल्या बीपला मान द्या. फुल-फेस हेल्मेट घातल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नका. आणि घरात सोळा-सतरा वर्षांचं पोर हे चाक मागत असेल, तर किंमत विचारण्याआधी त्याला शेजारी बसवून वरचा ४० आणि २३ वाट्यांचा हिशेब कागदावर करायला लावा. तो हिशेब त्याला स्वतःला मांडता आला, तरच चाक घ्या.